औंधचे व्यायामव्रती राजे : कै. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

खामगावाहून मलकापूरकडे जाताना नांदुरा येथे महामार्गालगत श्रीहनुमंताची १०५ फूट उंचीची भव्य मूर्ती दिसते. येणाराजाणारा प्रवासी क्षणभर हात जोडून पुढे जातो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, मारुतीचे देऊळ नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही; आणि एके काळी त्या देवळाच्या आसपास आखाडा, मुद्गलांची जोडी आणि उचलण्याची नाल नाही असेही गाव क्वचितच सापडले असते. मारुती हा बळाचा देव आहे, तसाच तो सप्त चिरंजीवांपैकी एक आहे, हे आपण सर्व जण जाणतो. परंतु या दोन गोष्टी एकाच देवतेच्या ठायी का एकत्र आल्या असाव्यात याचा विचार आपण सहसा करीत नाही. तरुण मुलासाठी आपण बळ मागतो, वृद्ध पित्यासाठी आयुष्य मागतो. वृद्ध पित्यासाठी बळ मागावे हे मात्र कोणाच्या मनात येत नाही. म्हातारपण म्हणजे अशक्तपणा, हे आपण जणू गृहीतच धरून चाललो आहोत.

या समजुतीचे फळ आपल्या ज्ञातिमंडळाच्या संमेलनांतही दृष्टीस पडते. पूर्वी अशा प्रसंगी भोजनाच्या पंगती जमिनीवर पाट मांडून बसत. आता टेबले आणि खुर्च्या मांडाव्या लागतात. कारण साठी उलटलेल्या अनेक बंधुभगिनींना खाली बसता आले तरी कोणाच्या हाताचा आधार घेतल्यावाचून उठता येत नाही. यात हसण्यासारखे काही नाही आणि त्यांना दोष देण्यासारखेही काही नाही. परंतु हा केवळ वयाचा धर्म आहे, की आपण स्वतः ओढवून घेतलेली अवस्था आहे, याचा निवाडा केला पाहिजे. तो करण्यास साहाय्यभूत होईल असे एक चरित्र महाराष्ट्रात घडून गेले आहे. औंध संस्थानचे अधिपती कै. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे ते चरित्र होय. राजा, चित्रकार, कीर्तनकार आणि लोकसत्तेचा पुरस्कर्ता अशा अनेक नात्यांनी ते प्रसिद्ध आहेत. प्रस्तुत लेखात त्यांच्या व्यायामव्रताचा विचार प्राधान्याने करावयाचा आहे.

छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत स्वराज्यावर संकट आले असता ज्या मुत्सद्द्यांनी ते सावरून धरले, त्यांत परशुराम त्रिंबक यांचे नाव अग्रभागी आहे. प्रतिनिधिपदाचा मान मिळालेल्या या पुरुषापासून पंतप्रतिनिधींचे घराणे चालत आले. इंग्रजी अमलात त्यांच्या वंशजांकडे औंधचे लहानसे संस्थान उरले होते. सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख आणि त्यात ७२ गावे, तीही एका ठिकाणी नसून सातारा, सांगली आणि विजापूर या भागांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली. या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांत विद्यापीठाची पदवी मिळविणारे फार थोडे होते. ते ज्येष्ठ पुत्र नसल्यामुळे गादी आपल्याकडे येईल अशी त्यांना अपेक्षा असण्याचे कारण नव्हते. वडिलांच्या हाताखाली त्यांनी कारभाराचे काम केले आणि फावल्या वेळात चित्रकला व कीर्तन यांचा व्यासंग चालविला.

शरीर कमावण्याची ओढ त्यांना तरुणपणापासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या जर्मन मल्लाचे नाव सर्व जगात गाजत होते. सँडोचा जन्म १८६७ चा, म्हणजे तो बाळासाहेबांहून एकाच वर्षाने वडील. ग्रीक पुतळ्याप्रमाणे घडविलेली त्याची छाती आणि दंड यांची छायाचित्रे घरोघर गेली होती, आणि त्याची पुस्तके व व्यायामाची साधने टपालाने देशोदेशी पोहोचत होती. हिंदुस्थानातही त्याने १९०५ च्या सुमारास दौरा करून आपल्या बळाचे प्रयोग दाखविले. बाळासाहेबांनी त्याच्या आधीच, १८९७ मध्ये, सँडोची पुस्तके व साधने विकत घेतली आणि त्याबरहुकूम व्यायाम सुरू केला. बड्या घरच्या माणसाने हौसेने एखादी वस्तू आणावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती अडगळीत पडावी, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. येथे तसे झाले नाही. तब्बल दहा वर्षे त्यांनी हा व्यायाम नेमाने केला. अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी आरंभ केलेला हा क्रम चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत अखंड चालला. पुढच्या आयुष्यात जे बळ त्यांनी टिकविले, त्याचा पाया या दहा वर्षांत घातला गेला होता, हे विसरता कामा नये.

१९०८ साली त्यांच्या व्यायामाला नवे वळण मिळाले. मिरजेचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कार घालण्याचा सल्ला दिला. सूर्यनमस्कार ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नव्हती. समर्थ रामदासस्वामी नित्य नमस्कार घालीत अशी परंपरा सांगते. जोर काढण्याची तालमीतील रीत आणि नमस्कार यांचे नाते तर उघडच आहे. परंतु इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या दृष्टीने नमस्कार ही भटजींनी दक्षिणेसाठी किंवा एखाद्याने नवसासाठी करावयाची बाब होऊन बसली होती. सँडोची चकचकीत साधने वापरणाऱ्या पदवीधर राजपुत्राने ती बाजूला ठेवून जमिनीला साष्टांग घालावे, यास मनाचा मोकळेपणा लागतो. बाळासाहेबांनी तो दाखविला. त्या वेळी त्यांचे वय ४० होते. आपल्याकडे चाळिशी म्हणजे चष्मा लागण्याचे आणि व्यायाम सुटण्याचे वय समजले जाते. त्यांनी त्याच वयात नव्या व्यायामाचा श्रीगणेशा केला. पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, कौटुंबिक घडामोडींमुळे औंधची गादी त्यांच्याकडे आली. राज्यकारभाराची दगदग वाढली, तरी पहाटेचा नेम सुटला नाही.

हा व्यायाम त्यांनी कसा घालून दिला ते येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यांच्या पद्धतीत एका नमस्काराचे दहा अंक आहेत. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. नंतर गुडघे न वाकविता पुढे वाकून तळहात जमिनीस टेकावयाचे. मग एक पाय मागे, पाठोपाठ दुसरा पाय मागे, आणि सर्व शरीर एका रेषेत हातांवर व चवड्यांवर तोलावयाचे. त्यानंतर कपाळ, छाती, गुडघे जमिनीस लावून साष्टांग. मग छाती वर उचलून मान मागे. मग कंबर वर. शेवटी एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे आणि पुन्हा ताठ उभे. प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र व सूर्याचे नाम उच्चारावयाचे आणि श्वासाचा मेळ राखावयाचा. साधन म्हणून काही लागत नाही, जागा लागते ती एका सतरंजीइतकी, आणि वेळ लागतो तो सकाळचा थोडासा. एका नमस्कारात मनुष्य उभ्या स्थितीतून पूर्णपणे भूमीवर जातो आणि स्वतःच्या बळावर पुन्हा उभा राहतो. वरवर साधी वाटणारी हीच गोष्ट वार्धक्यात सर्वांत मोलाची ठरते.

सँडोची पद्धती सोडून नमस्कार का स्वीकारला, याविषयी त्यांच्या प्रतिपादनाचा रोख असा होता की, साधनांच्या व्यायामाने बाहेरचे स्नायू पुष्ट होतात, परंतु नमस्काराने पाठीचा कणा, पोट आणि श्वसन यांसह सर्व शरीर एकाच वेळी काम करते. दुसरे असे की, हा व्यायाम लहान मुलापासून वृद्धापर्यंत, पुरुषाला आणि स्त्रीला, श्रीमंताला आणि निर्धनाला सारखाच करता येतो. हे त्यांनी केवळ बोलून दाखविले नाही. स्वतःच्या राजवाड्यात राणीसाहेबांसह कुटुंबीयांना त्यांनी हा नेम लावला आणि संस्थानच्या शाळांतून मुलामुलींसाठी नमस्कार सुरू केले. स्वतः राजा मुलांच्या रांगेपुढे नमस्कार घालून दाखवितो हे दृश्य औंधच्या प्रजेला सवयीचे झाले. त्यांनी मराठीत लेख व पुस्तक लिहिले, १९२८ मध्ये इंग्रजीतही पुस्तक प्रसिद्ध केले, आणि व्याख्याने व प्रात्यक्षिके यांच्या द्वारे महाराष्ट्रभर प्रचार केला.

प्रचाराचा अतिरेक झाला की थट्टाही वाट्याला येते. आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ हे विनोदी नाटक १९३३ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील नमस्काराचे वेड घेतलेले रावबहादूर पाहून सबंध महाराष्ट्र खदखदून हसला. त्या काळी नमस्काराचे वारे किती जोराने वाहत होते याचा हाही एक पुरावाच म्हणावयाचा. हसणारे हसत राहिले आणि बाळासाहेब नमस्कार घालीत राहिले. त्या वर्षी ते पासष्टीच्या घरात होते.

१९३६ हे वर्ष भारतीय व्यायामाच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी आपल्या वऱ्हाडातील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि तेथे त्याने देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने आपल्या प्रांतातील गावोगावच्या आखाड्यांना किती आधार दिला हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्याच वर्षी बाळासाहेब इंग्लंडात होते. लंडनच्या एका दैनिकाच्या लुईस मॉर्गन या लेखिकेने त्यांची मुलाखत घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या या राजाची ताठ चाल आणि तुकतुकीत कांती पाहून ती इतकी प्रभावित झाली की, तिने सूर्यनमस्कारांचा परिचय इंग्रज वाचकांना करून देण्याचे मनावर घेतले. तिने संपादित केलेले बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. नमस्काराचे दहा अंक त्याच्या शीर्षकातच गोवलेले होते. आज जगातील लहानमोठ्या शहरांतून योगवर्ग चालतात आणि त्यांत सूर्यनमस्कार शिकविले जातात. हा व्यायाम एवढा दूरवर पोहोचला यात औंधच्या या राजाचा वाटा फार मोठा होता, असे अलीकडच्या अभ्यासकांनी साधार दाखवून दिले आहे.

येथे थोडे थांबून आजच्या शास्त्राची साक्ष काढू. मनुष्याचे स्नायू तिशीनंतर हळूहळू घटू लागतात. ही घट दर दहा वर्षांस सुमारे ३ ते ८ टक्के असते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. स्नायूंना आज्ञा पोहोचविणारे काही मज्जातंतू निकामी होतात आणि चपळ हालचालीचे तंतू आधी बारीक होतात. म्हणून वृद्ध मनुष्याचा पाय घसरला की तो वेळेवर सावरत नाही. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये या क्षयाला ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचविले. नाव मिळाले तेव्हाच तो स्वतंत्र विकार म्हणून अभ्यासिला जाऊ लागला. तोवर जगभर त्याला नुसते म्हातारपण म्हणत असत. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, डॉ. मारिया फियाटारोन व त्यांचे सहकारी यांनी बोस्टन येथील एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या १० दुर्बल व्यक्तींना त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झाले, आणि मांडीच्या स्नायूंचा आकारही वाढला. नव्वदाव्या वर्षी जर स्नायू हाकेला ओ देत असेल, तर साठीच्या मनुष्याने आता काय उरले आहे असे म्हणणे कितपत सयुक्तिक आहे, हे वाचकांनीच ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेची आजची शिफारसही अशीच आहे की, प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि पासष्टीनंतर तोल व बळ या दोहोंसाठी किमान तीन दिवस मिश्र व्यायाम करावा. नुसत्या चालण्याने हृदयाला लाभ होतो, पण दंड, छाती आणि खांदे यांचे बळ त्याने टिकत नाही.

या कसोटीवर बाळासाहेबांचा नेम घासून पाहिला तर तो बहुतांशी खरा उतरतो. हात व चवडे यांवर शरीर तोलले असता शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. साठ किलो वजनाचा मनुष्य अशा प्रकारे प्रत्येक नमस्कारात चाळीस किलोंच्या आसपास भार दंड व छाती यांनी पेलतो. शिवाय वाकणे, पाय मागेपुढे टाकणे आणि उठून उभे राहणे यांत कंबर, मांड्या आणि तोल यांचा सराव होतो. मात्र चरित्रलेखकाने भक्ताप्रमाणे सर्वच गोष्टींना मान डोलावू नये. नमस्काराने जवळजवळ सर्व रोग दूर होतात असा त्यांचा विश्वास होता. तो आज जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. नमस्कारात ढकलण्याचे काम आहे, ओढण्याचे नाही. त्यामुळे पाठीच्या वरच्या भागास आणि दंडाच्या पुढील स्नायूस पुरेसा भार मिळत नाही. शिवाय भार स्वतःच्या वजनापुरताच राहतो, आणि स्नायूला वाढावयाचे असेल तर भार क्रमाक्रमाने वाढवावा लागतो. तात्पर्य, सँडो आणि नमस्कार यांत वैर मानण्याचे कारण नाही. बाळासाहेबांच्या स्वतःच्या देहाला दहा वर्षे डंबेल्सचा आणि चाळीस वर्षे नमस्कारांचा असा दोहोंचा लाभ मिळाला होता. सँडो स्वतः १९२५ मध्ये ५८ व्या वर्षी निवर्तला आणि बाळासाहेब त्याच्यामागे पाव शतक जगले. यावरून कोणती पद्धत श्रेष्ठ हे ठरत नाही, कारण आयुष्याची दोरी अनेक धाग्यांनी वळलेली असते. बळ कमावणे ही एक गोष्ट आणि ते अखेरपर्यंत राखणे ही दुसरी, इतकेच यातून ध्यानात घ्यावे. बाळासाहेबांचा खरा पराक्रम या दुसऱ्या गोष्टीत आहे.

राखलेल्या या बळाचे त्यांनी काय केले हे पाहिल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही. शरीर कमावून ते आरशात पाहत बसले नाहीत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना त्यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिला त्यांनी मोठे साहाय्य केले. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधला येऊन राहिले व तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले. तेही मूळचे चित्रकार आणि सूर्यनमस्कार व आसने यांचे निष्ठावंत उपासक. १८६७ मध्ये जन्मलेले पंडितजी वयाची शंभर वर्षे पुरी करून १९६८ मध्ये निवर्तले, आणि त्यांची लेखणी अखेरच्या काळापर्यंत चालत होती. एका लहानशा संस्थानात असे दोन दीर्घोद्योगी वृद्ध एकमेकांच्या सहवासात तीस वर्षे वावरले, ही औंधच्या इतिहासातील एक रम्य घटना होय.

१९३८ हे वर्ष तर त्यांच्या आयुष्याचा कळस होय. त्या वर्षी ते सत्तर वर्षांचे झाले. त्याच वर्षी औंधचे वस्तुसंग्रहालय यमाई देवीच्या डोंगरावर उभे राहिले. आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी यासाठी परिश्रम केले. महात्मा गांधींचे मार्गदर्शन मिळाले. आणि जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर उभारलेली स्वराज्याची राज्यघटना औंधमध्ये अमलात आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर या वसाहतीत कैद्यांना भिंती व बेड्यांवाचून शेतावर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. याच प्रयोगावरून पुढे १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. सत्तराव्या वर्षी बहुतेक माणसे हातात असेल ते अधिक घट्ट धरून ठेवतात. कारण उघड आहे. अंगातले बळ गेले की भय वाढते आणि भय वाढले की मूठ आवळते. ज्या राजाचे गुडघे आणि पाठ शाबूत होती, त्याला सिंहासनाच्या हातांचा आधार लागला नाही. देहाच्या बळाने हे औदार्य येते असे मी म्हणत नाही. तसे असते तर सर्व पहिलवान साधू झाले असते. परंतु मनात औदार्य असले तरी ते अमलात आणण्यास सत्तराव्या वर्षी अंगात उभारी असावी लागते, हे नाकारता येणार नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. ज्याने नऊ वर्षांपूर्वीच सत्ता सोडली होती, त्याला या दिवशी फारसे सोडावयाचे उरले नव्हते. त्यानंतर तीन वर्षांनी, १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी श्रीमंत बाळासाहेब कैलासवासी झाले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? कोणी म्हणेल, ते राजे होते. त्यांना दूधतूप, नोकरचाकर आणि मोकळा वेळ होता. आक्षेप खरा आहे. परंतु ज्या व्यायामाने त्यांनी बळ राखले त्यास दमडीचा खर्च नव्हता, आणि वेळेचा प्रश्न काढलाच तर निवृत्तीनंतर आपणापैकी कोणाजवळ सकाळची वीस मिनिटे नाहीत? आपल्या वाडवडिलांचा व्यायाम शेतात आणि विहिरीवर होत असे. पोहरा ओढणे, कापसाचे ओझे डोक्यावर घेणे, जात्यावर दळणे यांत ढकलणे होते आणि ओढणेही होते. ट्रॅक्टर, नळ आणि पिठाची गिरणी आल्यापासून कष्ट गेले ही आनंदाची गोष्ट आहे. पण कष्टांबरोबर आलेले बळही गेले. ते आता जाणूनबुजून कमवावे लागेल.

ज्यांनी आयुष्यात कधी व्यायाम केला नाही, त्यांनी एकदम साष्टांगास हात घालू नये. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, ठिसूळ हाडे किंवा पाठीचे दुखणे असेल तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. डोके खाली जाणारे अंक अशांस अपायकारक ठरू शकतात. आरंभ भिंतीपासून करावा. भिंतीस दोन्ही तळहात लावून छाती जवळ न्यावी व पुन्हा दूर ढकलावी. ते सोपे झाले की ओट्यावर हात टेकून, मग बाजेच्या काठावर, आणि काही महिन्यांनी जमिनीवर. पायांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठावे व सावकाश बसावे. ही आपली बैठकच आहे, फक्त खुर्चीची. ओढण्यासाठी पाण्याची अर्धी बादली जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत आणावी आणि पुढे ती क्रमाने भरीत जावे. एक दिवस करून एक दिवस विश्रांती द्यावी. सांधा दुखला तर थांबावे, स्नायू थकला तर समाधान मानावे. अन्नात डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे यांचे प्रमाण वाढवावे. वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसास सुमारे एक ग्रॅम किंवा त्याहून थोडे अधिक प्रथिन असावे असे आजचे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण एवढ्यावर ते पुरे होत नाही. विशेषतः आपल्या घरातील वृद्ध माताभगिनी सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेसुरले खातात. त्यांच्या ताटाकडे पाहण्याचे काम मुलांनी व सुनांनी केले पाहिजे. व्यायामासाठीही त्यांना बोलवावे. बाळासाहेबांनी आपल्या घरापासून जे केले ते आपणही घरापासूनच करावयाचे आहे.

मारुतीपुढे उभे राहून आपण यापुढे आयुष्य मागू, तेव्हा त्याच्याबरोबर बळही मागावे. आणि मागून घरी आल्यावर ते मिळविण्यास लागावे. पुढील एखाद्या संमेलनात टेबले-खुर्च्यांच्या शेजारी पुन्हा पाटांची एक पंगत मांडली जावी, तीत आपले सत्तरी ओलांडलेले बंधुभगिनी हौसेने बसावेत आणि जेवण झाल्यावर कोणाचा हात न धरता उठावेत, एवढीच या लेखामागील इच्छा आहे. औंधचा तो वृद्ध राजा दररोज पहाटे भूमीवर लोटांगण घालीत असे आणि आपल्या बळाने पुन्हा उभा राहत असे. ही त्याची स्मृती आपल्या घरोघर जागती राहो.

इत्यलम्.